वितळलेल्या गर्दीतील वाट

वितळलेल्या प्लॅस्टिकमधून टोल्युईनसारख्या द्रावकाचा एखादा लहान रेणू कसा सरकत असेल, हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या माणसाला पडण्याचे तसे कारण नाही. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याशी बोलताना तो माझ्यापाशी आला आणि राहिला.

पॉलिमर म्हणजे शेकडो-हजारो दुव्यांची साखळी. वितळल्यावर या साखळ्या एकमेकींत इतक्या गुंततात की प्रत्येकीला सापासारखे सरपटतच बाहेर पडावे लागते. पिएर-जील द जेन यांनी हे चित्र १९७१ मध्ये मांडले. साखळीची लांबी १० पट झाली, तर श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, सुमारे २,५०० पट वाढतो. लहान रेणूही तितकाच अडेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साखळ्या पुरेशा लांब असल्या की त्याच्या गतीत फारसा फरक पडत नाही. त्याला अख्खी साखळी हटवायची नसते. शेजारच्या काही दुव्यांच्या थरथरीतून क्षणभर पोकळी उघडली, की त्याचे भागते.

मिश्रणात गोष्ट आणखी सूक्ष्म होते. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंश सेल्सिअसखाली काचेसारखे थिजते, तर पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर उणे ३० च्या आसपास. दोन्ही एकजीव मिसळतात. तरी प्रत्येक दुव्याला त्याच्याच साखळीतले दुवे जोडलेले असल्याने शेजार सर्वत्र सारखा नसतो. कुठे तो चपळ, कुठे मंद.

आपल्या समीक्षेत ‘समाज’ बहुधा श्यानतेसारखा येतो: संपूर्ण द्रवाचा एकच आकडा. एका कवितेची सामाजिक पार्श्वभूमी मी वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात समाज कुठे आहे? मला तर आजी, विहीर आणि पलीकडचे घर दिसते.” तिचा प्रश्न शेजाराचा होता.

अर्थात, गुंता खोटा नसतो. जातीची किंवा वर्गाची साखळी सरकायला पिढ्या लागतात, आणि तो हिशेब समीक्षेने मांडलाच पाहिजे. मात्र त्या हिशेबातून एका ओळीची हालचाल कळेलच, असे नाही. शिवाय रेणू निरुद्देश भटकतो. कवी तसा भटकत नाही. ही उपमा तेथे संपते.

तरीही ‘सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करा’ हा प्रश्न फळ्यावर लिहिण्याआधी आता मी विद्यार्थ्यांना विचारतो: या ओळीच्या शेजारी कोण आहे, आणि ते हलते आहे का?