सुट्टी नसलेल्या घरातली दिवाळी

शाळाच नाही म्हटल्यावर दिवाळीची सुट्टी कसली? मुलं घरीच शिकतात अशा पुण्यातल्या या घरी नातेवाईक दरवर्षी हेच विचारतात.

सुट्टी नसेल, पण वसुबारसेच्या आधीच अंगणात पोती, विटा आणि माती येऊन पडते. यंदाचा किल्ला राजगड. शिवरायांची पहिली राजधानी! थोरलीने नकाशा पुढ्यात घेऊन पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आखल्या. धाकट्याला बालेकिल्ला आणखी उंच हवा होता. त्याने गुपचूप दोन विटा चढवल्या आणि अख्खा उतार घसरला. मग ओल्या पोत्यावर नव्याने लेप, वर अळीव पेरणं. शाळेतून सुटलेली शेजारची मुलंही कोपरापर्यंत माखली.

स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाललेली. चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ. निम्मं करायचं तर किती? आजीने सहज विचारलं. आईने लगेच वही काढली, तशी आजीच म्हणाली, "अगं, चकलीला चकली राहू दे की!" आजीचं बरोबर आहे. घरी शिकवणाऱ्यांना सणासुदीतही धडा दिसायला लागतो, आणि मुलांना त्याचा वास आधी येतो.

खरी अडचण वेगळीच. थोरली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करते आहे. तिथल्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, म्हणजे दुसरी फेरी ऐन दिवाळीच्या आसपास. नोंदणी 5 वर्षं चालते, विषय सुटे देता येतात. म्हणून यंदा तिने दोनच विषय घेतले, विज्ञान एप्रिलमध्ये.