डबा केवढा घ्यायचा?



डब्यावर माप लिटरमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण डाळ आणतो किलोने. निम्मा घोळ इथेच होतो. मी घरच्या काट्यावर मोजून पाहिलंय. एक लिटरच्या डब्यात तूरडाळ मावते साधारण 800 ग्रॅम, आणि कणीक अर्ध्या किलोच्या थोडी वर. मग किलोचं पाकीट ओतलं की चार मुठी डाळ उरते, त्या पाकिटाला रबर लावायचं, आणि अशी दहा पाकिटं जमली की ती ठेवायला आणखी एक टोपली आणायची! किलोभर डाळीला सव्वा ते दीड लिटरचा डबाच बघा.

हे सगळं आठवायचं कारण, सुनेने पुण्यात नवा फ्लॅट लावायला घेतलाय. तिने फोटो पाठवला, 32 डब्यांचा सेट, सगळ्या झाकणांचा रंग एक. "आई, ट्रॉलीत अगदी मापात बसतात, घेऊ ना?" मी म्हटलं, त्यात काय काय भरणार ते लिहून काढ. तिची यादी 19 वर थांबली. उरलेल्या 13 डब्यांचं काय? "भरू काहीतरी, रिकामे कसे दिसतील!"

मी बी.कॉम.ची. आम्हाला शिकवलं होतं की पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. आपल्या घरात या हिशोबाला आणखी एक रकाना लागतो, जीवहिंसेचा. डबा मोठा म्हणून रवा जास्त आणला, तो तळाशी राहिला, वरून नवा ओतला, की श्रावणात त्यात अळ्या होणारच. मग तो चाळायचा, उन्हात घालायचा, आणि त्यात जे मरतात ते आपल्या नावावर.

आमच्या सांगलीच्या घरी सासूबाई वैशाखात वर्षाचे गहू भरायच्या. पत्र्याची मोठी पिंपं होती. गव्हाला एरंडेल चोळायचं, मध्येमध्ये कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालायचा. बाजारातल्या कीड मारायच्या गोळ्या त्यांनी कधी घरात येऊ दिल्या नाहीत. पण तेव्हा पानावर 14 माणसं असायची, पिंप रिकामं होत होतं. आता आम्ही दोघं. मी 10 किलोच्या वर गहू आणत नाही, वाणी कितीही म्हणो की वैनी, भाव वाढणार आहे.

पिठाचं तर मापच ठरलेलं आहे. मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. हे पाळायचं म्हटलं तर पाच लिटरचा कणकेचा डबा घ्यायचा कशाला? सून नोकरी करते, गिरणीत दर तीन दिवसांनी कोण जाणार, हा तिचा प्रश्न खरा होता. तिने घरघंटी घेतली. मर्यादेत संपेल एवढंच दळते आणि पिठाला दोन लिटरचा डबा पुरतो.

आता आकार. चौकोनी कप्प्यात गोल डबे लावले तर जवळपास 21 टक्के जागा वाया जाते, शाळेतलं 22 भागिले 7 वापरून तुम्हीही करून बघा. म्हणून डाळी, पोहे, साबुदाणा चौकोनी डब्यात. पीठ आणि रवा मात्र मी गोलातच ठेवते. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात पीठ चिकटून राहतं, बोट पोचत नाही, आणि जीव धरतो तो तिथेच. झाकणाला सिलिकॉनची रिंग असेल तर ती काढता येते का, ते दुकानातच बघा. निघत नसेल तर डबा परत ठेवा. रिंगेखाली ओल राहिली की बुरशी ठरलेली. स्टीलला लोहचुंबक लावून दर्जा ओळखू नका, 202 नंबरचं स्वस्त स्टीलही चुंबकाला धरत नाही. 304 हवं असेल तर बिलावर लिहून घ्या.

स्टील की पारदर्शक, यावर आमचं एकमत झालं नाही. मला स्टील आवडतं, डाग नाही, वास नाही. सून म्हणाली, "आई, काचेत पहिला किडा पहिल्याच दिवशी दिसतो. स्टीलमध्ये झाकण उघडेपर्यंत पन्नास होतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तिने 20 काचेच्या बरण्या घेतल्या. एक ट्रॉली रिकामी आहे. राहू दे.

माझं प्रकरण थोडं वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी दशलक्षणात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी माताजींसमोर परिग्रहाचं परिमाण केलं. दहा बाह्य परिग्रहांत शेत, घर, सोन्याबरोबर कुप्य आणि भांडही येतात. शेत आमच्याकडे नाही, सोनं माझ्या मर्जीने वाढत नाही, पण डबे वाढतात. म्हणून डबे 40. त्या संध्याकाळी मोजले तर 71 भरले. आइस्क्रीमचे रिकामे डबे धरून, हो. ते आधी गेले, मग आहेरात आलेले सेट गेले, काही कामवाल्या मावशींनी नेले. एकतिसाव्यापर्यंत मला फारसं जड गेलं नाही.

आता गुळाला घट्ट झाकणाचा एक डबा हवाय. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, मुंग्या येतात, आणि मुंग्यांना दूर ठेवण्याचा डब्याशिवाय अहिंसक उपाय मला माहीत नाही. तो आणला की 41 होतात. चाळीस डब्यांतले एकोणचाळीस रोज लागतात. चाळिसावा पितळी आहे. माझ्या आईचं नाव त्यावर कोरलेलं, लग्नात बेसनाचे लाडू भरून तिने दिलेला. कल्हई उडालीय, त्यात काही ठेवता येत नाही. महिन्याला चिंचेने घासून मी तो पुन्हा फळीवर ठेवते. ममत्व म्हणजे काय, हे स्वाध्यायात मला दुसऱ्यांना समजावून सांगता येतं.

बहीण म्हणते, तो डबा नाही, आठवण आहे, मोजूच नकोस. पण मोजायचं नव्हतं तर परिमाण कशाला घेतलं? चातुर्मास सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे. तोवर गूळ जुन्या बरणीत, आणि बरणी पाणी घातलेल्या ताटलीच्या मधोमध, वाटीवर उभी.