आधी वारा सांगा

जलाशयाचं उपग्रहचित्र उघडलं की नवखा माणूस विचारतो, हिरवा डाग केवढा आहे? मी आधी विचारते, वारा किती होता आणि कुठल्या दिशेचा?

ही खोड मला टोलेडोच्या प्रकरणानं लावली. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या या शहराला नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. चार लाखांहून जास्त माणसं. उकळूनही उपयोग नव्हता, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्यानं जात नाही. बरं, त्या वर्षी शेवाळ विक्रमी होतं असंही नाही. २०११चं मोठं होतं, २०१५चं त्याहून मोठं. पण २०१४ मध्ये वाऱ्यानं ते नेमकं शहर पाणी उचलतं तिथंच आणून घातलं.

मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. वारा पडला की ते वर तरंगतं, वारा सुटला की खाली घुसळलं जातं. त्या दिवशीचं चित्र स्वच्छ दिसतं आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. शेवाळ तेवढंच असतं.

उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर वेगळीच पंचाईत. तिथं जलपर्णीही हिरवीच. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या परावर्तन-आलेखात पाण्यात मिसळलेल्या शेवाळाचा उंचवटा ७०५ नॅनोमीटरजवळ येतो आणि पुढं उतरतो. जलपर्णीची रेघ चढलेलीच राहते. मात्र दाट साय धरली की शेवाळही जलपर्णीसारखंच वागतं. मग आलेख सोडून आकार बघायचा. साय वाऱ्याबरोबर धाग्याधाग्यांनी ओढली जाते, जलपर्णीच्या गाद्यांना कडा असते.

निळं-हिरवं शेवाळ ओळखायला ६२० नॅनोमीटरचा पट्टा लागतो. तो सेंटिनेल-३कडे आहे, पण त्याचा पिक्सेल ३०० मीटरचा. पाणी चिंचोळं झालं की निम्मा पिक्सेल काठावरच्या उसाचा! सेंटिनेल-२चा पिक्सेल दहा-वीस मीटरचा, पण त्याच्याकडे हा पट्टाच नाही.

“मॅडम, विषारी आहे का तेवढं सांगा,” असा फोन येतोच. विषाला रंग नसतो; उपग्रहाला दिसतो तो रंग. मी जागा सांगते आणि वर हेही सांगते, की नमुन्याची बाटली डागाच्या मधोमध भरू नका, पाणी उचलतात त्या जॅकवेलजवळ भरा, आणि वरच्या पाण्याबरोबर खालचंही घ्या. खालच्या बाटलीवरून दर वेळी वाद होतो.