उतरंडीच्या तळाशी

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये चित्रांचीही उतरंड होती. राजाश्रयाने चालणाऱ्या चित्रकला अकादमीत १६६७ साली झालेल्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबियँने प्रस्तावना लिहिली आणि तीत ही उतरंड रीतसर मांडून ठेवली. सगळ्यात वर पुराणकथा, इतिहास आणि बायबलमधले प्रसंग. त्याखाली व्यक्तिचित्रं, त्याखाली जिवंत प्राणी, मग निसर्गदृश्यं आणि अगदी तळाशी फळं, फुलं, शिंपले. चित्रकाराची पायरी त्याच्या विषयावरून ठरायची. जाँ-बाप्तिस्त-सिमेओं शार्दँ या तळाशी आला आणि बहुतेक आयुष्य तिथेच, त्याच्या आसपास राहिला. युरोपच्या रोकोको, म्हणजे नाजूक, सजावटी शैलीच्या काळाचा विचार करताना माझं मन ज्या चित्रकारापाशी पुन्हा पुन्हा थांबतं, तो हाच.

त्याचा जन्म १६९९ सालचा, पॅरिसचा. वडील सुतारकाम करणारे. राजवाड्यासाठी बिलियर्डची टेबलं बनवणारे. १७२८ साली शार्दँ अकादमीत दाखल झाला तो प्राणी आणि फळं रंगवणारा चित्रकार म्हणून. त्या वेळी त्याने दिलेल्या दोन चित्रांपैकी एक ‘पाकट’. दगडी भिंतीवर आकड्याला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा. गुलाबी-पांढरं, रक्ताळलेलं मांस. खाली कालवं, आणि त्यांवर पाय रोवून पाठ फुगवलेलं मांजर. दुसऱ्या बाजूला सुरी, कापड, भांडी. माशाचं तोंड आणि त्यावरची छिद्रं अशी दिसतात, की तो चेहरा आपल्याकडेच पाहतोय असं वाटावं. कोळणीच्या पाटीत पाकट पाहिलेल्या माणसालाही हे चित्र जागीच थांबवतं. पुढे चित्रकार मातीसने विद्यार्थिदशेत लूव्रमध्ये याची नक्कल करत हात बसवला.

शार्दँच्या भोवती त्या वेळी काय चाललं होतं, तेही पाहायला हवं. चित्रकार वातोने रेशमी कपड्यांतल्या प्रेमिकांना प्रेमदेवतेच्या बेटाच्या यात्रेत रंगवून फार दिवस झाले नव्हते. शार्दँहून चार वर्षांनी लहान असलेला बूशे पंधराव्या लुईच्या प्रेयसीचा, मादाम द पाँपादूरचा लाडका चित्रकार झाला आणि १७६५ साली राजाचा पहिला चित्रकार. फ्रागोनारने १७६७च्या सुमारास झोक्यावरची ती तरुणी रंगवली, जिची गुलाबी चप्पल हवेत उडते आहे. हा फ्रागोनार काही काळ शार्दँकडे शिकायला होता. मग तो बूशेकडे गेला. या मंडळींच्या चित्रांतलं सौंदर्य खरं आहे. साटिनवरची चमक, झाडीतून झिरपणारा प्रकाश, अंगाची लाघवी वळणं हे सगळं फार मोठ्या कसबाचं काम आहे. पण त्या जगात कोणी पाणी भरत नाही, कोणी भांडी घासत नाही.

शार्दँच्या जगात ती माणसं आहेत. बाजारातून पाव घेऊन आलेली मोलकरीण ओझ्याने जरा वाकून टेकली आहे. सलगम सोलता सोलता एक बाई हात थांबवून कुठे तरी पाहते आहे. जेवणाआधी एक आई मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेते आहे आणि खुर्चीला खेळण्यातला ढोल अडकवलेला आहे. हे ‘प्रार्थना’ चित्र १७४० साली पंधराव्या लुईला भेट दिलं गेलं. ज्या दरबाराला बूशेच्या देवता प्रिय होत्या, त्याच दरबारात हे साधं घरही पोचलं. स्वीडनच्या राजघराण्याने शार्दँची चित्रं घेतली, रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने त्याला काम दिलं. आणि या चित्रांच्या छापील प्रती मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर गेल्या.

लूव्रमध्ये त्याचं एक अगदी लहान चित्र आहे: तोटी असलेला तांब्याचा पिंप. तेव्हा पॅरिसच्या घरांत नळ नव्हते; पाणके पाणी आणून देत आणि ते अशा पिंपात साठवलं जाई. शार्दँची पहिली पत्नी मार्गरीत लग्नानंतर चारच वर्षांत, १७३५ साली वारली. मुलगीही लहानपणीच गेली. पत्नीच्या मृत्यूनंतर घरातल्या सामानाची यादी झाली, तीत असा पिंप नोंदलेला आहे. म्हणजे तो त्याच्या स्वतःच्या घरातला, रोज हाताळला जाणारा. जवळ गेलं की त्या चित्रात नुसते रंगाचे जाड, खरखरीत थर दिसतात. चार पावलं मागे सरकलं की तांबं तांबं होतं, त्याच्या पोटावर खिडकीचा उजेड येतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला मळकटपणाही दिसू लागतो. त्या काळचा लेखक आणि कलासमीक्षक दिदरो यानेही ही जवळची आणि लांबची जादू टिपली होती. तिचं रहस्य त्याला उलगडलं नाही. कौतुक मात्र त्याने मनापासून केलं.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने टेबलावरची किटली, कांदे, मागे सोडलेलं कापड काढलेलं असतं. युरोपीय अकादम्यांची ती शिस्त मुंबईच्या १८५७ सालच्या जे. जे. स्कूलमार्गे आपल्या शाळांपर्यंत आली. तिच्याबरोबर उतरंडही आली. किटली म्हणजे सराव, माणूस म्हणजे खरी कला, असं मला शाळेतच पटलं होतं. शार्दँने तो समज माझ्या मनातून काढला. त्याच्या मित्राने, कोशँने, त्याच्याबद्दल एक आठवण सांगितली आहे. शार्दँसमोर मेलेला ससा होता आणि तो रंगवायचा होता. तेव्हा त्याने ठरवलं, की आजवर पाहिलेलं सगळं विसरायचं, दुसऱ्यांनी ससे कसे रंगवले तेही विसरायचं, आणि बारीक तपशील दिसणार नाहीत इतक्या अंतरावर ससा ठेवून फक्त वस्तुमान, छटा, उजेड आणि सावली पाहायची. शिकलेलं बाजूला ठेवून पाहायला शिकण्याहून वरची पायरी ती कोणती?

पण शार्दँच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त हलवते, ती चित्रांबाहेरची आहे. १७५५ पासून जवळजवळ वीस वर्षं लूव्रमधल्या अकादमीच्या प्रदर्शनात, म्हणजे सलाँमध्ये, भिंतींवर चित्रं लावण्याची जबाबदारी वारंवार त्याच्याकडे असे. जमिनीपासून छतापर्यंत चित्रं. कोणाचं कुठे टांगायचं, यावरून रुसवे-फुगवे ठरलेले. उतरंडीच्या तळाशी बसवलेला माणूस स्वतःच्या हाताने वरच्यांची चित्रं वर लावत होता. १७६५च्या सलाँवर लिहिताना दिदरोने त्याचं एक सांगणं नोंदवलं आहे. शार्दँने टीकाकारांना सौम्यपणाची विनंती केली. इथलं सगळ्यात वाईट चित्र पाहा, तो म्हणाला, आणि एवढं वाईटही आपल्याला कधी जमणार नाही म्हणून कितीजण राबून निराश झाले आहेत हे ध्यानात घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती खडू दिला जातो. मग नाक, डोळे, हात, पाय यांच्या नकला, मग पुतळे, मग जिवंत माणूस. रात्री दिव्याच्या उजेडात काढलेली वर्षं. आणि शेवटी कित्येकांना कळतं, की आपल्याला हे जमणार नाही. कलेची अवघड बाजू ज्याला कधी जाणवलीच नाही त्याच्या हातून काही चांगलं होत नाही, आणि ज्याला ती फार लवकर जाणवली त्याच्या हातून काहीच होत नाही, असं सांगताना त्याने उदाहरण दिलं ते स्वतःच्या मुलाचं.

जाँ-पिएर हा त्याचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा. शार्दँला स्वतःला लॅटिन, पुराणं, इतिहास हे शिक्षण मिळालं नव्हतं. मुलाला मात्र त्याने त्या शिक्षणाच्या वाटेने घातलं. मुलगा इतिहासचित्रकार व्हायला निघाला, १७५४ साली रोमला पाठवणारं मोठं पारितोषिक त्याने मिळवलं. पण काम उभं राहिलंच नाही. १७६२ साली परतीच्या वाटेवर इंग्रज चाच्यांनी त्याला पकडलं. सुटला, आणि पुढे बापाच्या हयातीतच व्हेनिसमध्ये गेला. ज्या बापाने तांब्याच्या भांड्याला देवतेइतकी प्रतिष्ठा दिली, त्यालाही मुलासाठी वरचीच पायरी हवी होती. यात मला विसंगती दिसत नाही, बापाचं काळीज दिसतं. समाजाने रचलेल्या उतरंडीतून माणूस स्वतःपुरता मोकळा होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत तेवढं धैर्य पुरत नाही.

म्हातारपणी तैलरंग डोळ्यांना सोसेनात, म्हणून शार्दँ पेस्टलकडे वळला. १७७१ सालच्या पेस्टलमध्ये तो चष्म्यावरून आपल्याकडे पाहतो, १७७५ सालच्या चित्रात डोळ्यांवर उजेड अडवणारी झापड आहे. सैल पडलेली कातडी, डोक्याला गुंडाळलेलं कापड, थकलेले डोळे. पिंपाकडे ज्या निगुतीने पाहिलं, त्याच निगुतीने त्याने स्वतःच्या म्हातारपणाकडे पाहिलं. कीव केली नाही, लपवलंही नाही. १७७९ साली तो गेला.

आज ती उतरंड कोणी मानत नाही. रानस्ट्रॉबेरीच्या टोपलीचं त्याचं छोटंसं चित्र २०२२ साली सुमारे २ कोटी ४४ लाख युरोंना विकलं गेलं. पण किंमत वाढली म्हणून शार्दँचं म्हणणं सिद्ध होत नाही. बाजारानेही शेवटी पायऱ्याच मोजल्या. त्याची चित्रं आणि त्याचं १७६५ सालचं सांगणं मला एकच गोष्ट सांगतात. कळकट पिंप आणि सलाँमधलं फसलेलं चित्र, दोन्हींत त्याला त्यांवर खर्ची पडलेले हात दिसत होते. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला ते दिसणारच. समोरच्याचे कष्ट दिसू लागले की त्याच्याबद्दलचा निवाडा सौम्य होतो, आणि स्वतःच्या कामाकडून असलेली अपेक्षा मात्र अधिक कडक होते. शार्दँ आयुष्यभर सावकाश, थोडं आणि पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, आणि इतरांसाठी मात्र त्याने दया मागितली. हे दोन्ही एकाच माणसात नांदू शकतं, याचा पुरावा म्हणून तरी त्याची चित्रं पाहायला हवीत.