न केलेल्या प्रवासाचे पैसे

बदलीच्या गावी माणूस प्रथम ओळखतो तो तेथला बाजार. रायपूरला रुजू झालो त्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी मला सदर बाजार दाखवला. हा इथला सराफा. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या, आणि दिवेलागणीला काचेमागून रस्त्यावर सांडणारा पिवळा प्रकाश. अशाच एका पेढीच्या माडीवर एक लहानशी खोली होती. भिंतीवर पुरीचा जगन्नाथ आणि चित्रकोटचा धबधबा, टेबलावर एक जाडजूड वही, आणि वहीमागे भाऊ.

भाऊंचा व्यवसाय यात्रा काढण्याचा. आपले पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत इकडे आले, असे ते सांगत. बँकेच्या कर्जावर घेतलेली एक लहान बस, एक चालक, एक आचारी आणि शिधासामग्रीची यादी करणाऱ्या वहिनी, एवढाच त्यांचा पसारा. पावसाळा सरला की बस्तर, माघात राजिमची जत्रा, एखाद्या रविवारी सिरपूरचे विटांचे लक्ष्मणमंदिर किंवा वल्लभाचार्यांचे चंपारण्य, आणि चैत्रात पुरी. आम्हा बदलीवरच्या मराठी कुटुंबांना हा मुलूख दाखवला तो भाऊंनीच.

माझ्या आईला पुरीची ओढ फार. 2020 च्या फेब्रुवारीत आम्हा तिघांचे अठरा हजार रुपये मी भाऊंच्या हाती दिले. मार्चमध्ये जगन्नाथाचे दार भाविकांना बंद झाले, 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून सारा देशच घरात बसला.

एप्रिलमध्ये केंद्र सरकारने आमचा वाढीव महागाई भत्ता गोठवला. कचेरीतील मंडळी दूरध्वनीवरून एकमेकांपाशी कुरकुर करू लागली. मीही त्यांतलाच. त्याच तिरीमिरीत मी भाऊंना पैसे परत मागितले. वास्तविक मला पैशाची निकड नव्हती. पगार पहिल्या तारखेला जमा होतच होता. परंतु नियमाने जे येणे आहे ते वसूल करावे, ही आपली सरकारी माणसांची सवय. भाऊ एवढेच म्हणाले, “मिळतील साहेब. थोडं थांबा.”

यात्रेचा पैसा यात्रेकऱ्याच्या आधी निघतो, हे मला तेव्हा कळले नव्हते. तो पुरीच्या निवासाकडे आगाऊ गेलेला असतो. वाटेतल्या मुक्कामांत, परवान्यात आणि शिध्यात अडकलेला असतो. तिथून तो परत येत नाही. बस उभी असली तरी विमा उभा राहत नाही, खोलीचे भाडे थांबत नाही. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवड दिली होती खरी, परंतु व्याज चढतच होते. चालक आपल्या गावी धानाच्या शेतीवर गेला. आचारी हातगाडीवर भाजी विकू लागला.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी भाऊ आणि वहिनी घरी आले. दारातच थांबले, आग्रह केला तेव्हा ओसरीवर टेकले. भाऊंनी पाकीट पुढे केले. “मोजून घ्या साहेब.” मी मोजले. अठरा हजार पुरे होते. ते गेल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिच्या हातात पाटल्या नव्हत्या रे.”

त्या दिवसांत सोन्याचा भाव दहा ग्रॅमला पंचावन्न हजारांच्या वर गेला होता. माडीवरच्या खोलीला कुलूप होते आणि खालच्या पेढीत मोडीच्या सोन्याला उत्तम भाव येत होता.

पुढे ऑक्टोबरमध्ये सरकारने एक योजना काढली. रजा प्रवास सवलतीतून प्रवास करणे शक्य नव्हते, म्हणून प्रवास न करताच ती रक्कम आम्हाला मिळणार होती. अट एवढीच, की भाड्याच्या तिप्पट किमतीच्या, 12 टक्के किंवा अधिक जीएसटी असलेल्या वस्तू घ्याव्यात. मी मोठे शीतकपाट घेतले. न केलेल्या प्रवासाचे पैसे मला असे मिळाले, आणि प्रवास घडवून आणणारा मात्र न घडलेल्या प्रवासाचे पैसे पदरचे भरून चुकला होता. सोन्यावर 3 टक्केच जीएसटी असल्याने ते या योजनेत बसत नव्हते. नाही तर पाटल्यांचा विचार माझ्या मनात आला होता. अर्थात वहिनींनी त्या घेतल्या नसत्याच.

3 जानेवारी 2021 पासून जगन्नाथाचे दर्शन सर्वांना खुले झाले आणि फेब्रुवारीत भाऊंनी यात्रा काढली. बस अर्धी रिकामी होती. आईने गरुडस्तंभापाशी उभे राहून डोळे भरून दर्शन घेतले. परतल्यावर मी थोडे अधिक पैसे देऊ केले. भाऊंनी ते बाजूला सारले. “भाडं तेच आहे साहेब.”

9 एप्रिलला रायपूर पुन्हा बंद झाले. ही दुसरी लाट पहिलीहून फार क्रूर होती. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत ती शिरली. भाऊंचे घर वाचले, बस मात्र गेली. जूनच्या अखेरीस केंद्राने पर्यटन व्यावसायिकांसाठी हमीच्या कर्जाची घोषणा केली. ती वाचून मी धावतच सदर बाजार गाठला. परंतु ते कर्ज शासनमान्य संस्थांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी होते. भाऊंचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. आयुष्यभर याद्या करण्याचे काम केलेला मी त्या खोलीत मान खाली घालून बसलो.

निघताना मी अठरा हजार रुपये वहीवर ठेवले आणि म्हणालो, “पुढच्या यात्रेचे.” भाऊंनी विचारले, “कोणत्या?” “तुम्ही काढाल त्या.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, वही उघडली, नाव लिहिले, रक्कम लिहिली, तारखेचा रकाना मोकळा सोडला, आणि रीतसर पावती फाडून दिली.

ती यात्रा 2022 च्या चैत्रात निघाली. गाडी भाड्याची होती, आचारी मात्र जुनाच. पहाटे निघताना वहिनींनी आईला हात देऊन गाडीत चढवले. त्या हातांत काचेच्याच बांगड्या होत्या.