आधी ओलं, मग कोरडं!

सध्या जी भेटेल तिला धरून मी एकच सांगत सुटलेय: कन्सीलर फाउंडेशनच्या नंतर लावायचं! ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगून झालं, वहिनीला फोनवर सांगितलं, आता तुम्ही सापडलात.

ही विद्या भाचीची. ती ब्यूटी पार्लरचा कोर्स करतेय. तिने माझाच मेकअपचा डबा उघडला, नवं काही आणलं नाही, नुसता क्रम लावला, आणि आरशात बघते तर काय, मीच, पण रात्रभर छान झोप झालेली!

आणि या क्रमामागे चक्क तर्कशास्त्र आहे हो! ओलं आधी, कोरडं नंतर. चेहरा धुतला की मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन. ते किती? तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा-मान मिळून एवढं! फाउंडेशनच्या बाटलीवरही एसपीएफ ३० लिहिलेलं असतं, पण तेवढं फाउंडेशन थापणार कोण? मग थांबायचं. सनस्क्रीनचा थर बसेपर्यंत केस विंचरा, पोळीभाजीचा डबा भरा. घाईने वर फाउंडेशन चोळलं तर खोडरबराच्या कचऱ्यासारख्या वळ्या निघतात आणि खालचा थरही जागोजागी निघून येतो. प्रायमर? रोजच्याला मी तो सरळ गाळते.

आता खरी गंमत. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर डोळ्यांखालची वर्तुळं बऱ्याचदा निळसर-करडी दिसतात, आणि रंगचक्रात निळ्याच्या समोर बसतो नारिंगी! म्हणून आधी नारिंगी करेक्टर. माझ्याकडे तो कुठला असायला? भाचीने पडून असलेल्या केशरी लिपस्टिकचा इवलासा ठिपका डोळ्याच्या कडेपासून लांब ठेवून थोपटला. अमेरिकेतल्या दीपिका मुत्यालाचा लाल लिपस्टिकचा असाच व्हिडिओ २०१५मध्ये जगभर गाजला होता म्हणे. या केशरी ठिपक्यावर आणि बाकी चेहऱ्यावर ओलसर स्पंजने फाउंडेशन, तेही टिपत टिपत, घासायचं नाही. निम्मे डाग तिथेच झाकले जातात. मग उरलेल्या दोन-चार ठिकाणीच कन्सीलर. म्हणून ते नंतर! केवढी बचत!

क्रीम ब्लश असेल तर तो पावडरच्या आधी, पावडर ब्लश असेल तर नंतर. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, आणि खालच्या पापणीखाली हलकेच. कारण काजळात असतं मेण आणि तेल. खाली तेलकट क्रीम असलं की ते पसरणारच. पावडरने जागा कोरडी झाली की दुपारपर्यंत काजळ जागच्या जागी! टिकलीसुद्धा पावडरनंतरच लावा, मग ती घामाने लगेच घसरत नाही. लिपस्टिक सगळ्यात शेवटी.

नवं काही विकत आणण्याआधी घरातलाच डबा एकदा या क्रमाने वापरून बघा. मस्कारा मात्र उघडून सहा महिने उलटले असतील, तर तेवढा फेकून द्या.