वरचा मजला

गेल्या रविवारी मित्रांबरोबर डम्पलिंग खायला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनला गेलो होतो. पोट तुडुंब भरल्यावर जरा पाय मोकळे करावेत म्हणून एल्ड्रिज स्ट्रीटला वळलो, आणि चिनी पाट्यांच्या गर्दीत एकदम एक उंच, विटांची इमारत समोर आली. घोड्याच्या नालासारख्या कमानी आणि मधोमध भलीमोठी गोल खिडकी. वाटलं, ही पाहुणी इथे कुठे चुकून आली? पण पाहुणे बाकीचे! ही तर १८८७ पासून इथेच आहे.

हे ज्यूंचं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग. आता तिथे संग्रहालय आहे. (जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, शब्बाथमुळे बंद असतं.) पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी ते बांधून घेतलं. आर्किटेक्ट हर्टर बंधू, तेही जर्मनीहून आलेले. राहायच्या खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट, पण देवाच्या घराचं छत भलतंच उंच आणि रंगीत काचेच्या खिडक्या सदुसष्ट! पैसे बेताचे, त्यामुळे खांबांवर संगमरवराचा नुसता रंग दिलाय. मला तर तेच जास्त आवडलं. वरच्या गॅलरीत बायका बसायच्या, खाली पुरुष. प्रार्थना करताना पुढेमागे झुलायची पद्धत असल्याने वर्षानुवर्षं पाय घासून लाकडी जमिनीत खळगे पडलेत. तिथे उभं राहिलं की बुटाखाली कळतात.

मग एवढी इमारत ओस कशी पडली? जाळपोळ नाही, हल्ला नाही. पोरं शिकली, बरं कमवू लागली आणि चांगल्या वस्तीत राहायला गेली. त्यात १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची दारं जवळपास बंद केली, म्हणजे नवीन माणसं येणंही थांबलं. पुढे मंदी आली. देखभाल परवडेना, तेव्हा उरलेली मंडळी तळमजल्यावर प्रार्थना करू लागली. १९५० च्या दशकात वरचा मुख्य हॉल बंदच झाला. छप्पर गळत राहिलं आणि गॅलरीत कबुतरं राहायला आली.

१९८६ मध्ये दुरुस्तीसाठी संस्था उभी राहिली. काम संपलं २००७ मध्ये. वीस वर्षं आणि जवळजवळ दोन कोटी डॉलर! आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन दोन आठवडे सरकली तरी केवढा गहजब होतो :-)

पूर्वेकडची मूळ खिडकी मोडल्यावर १९४४ मध्ये तिथे साध्या काचेच्या विटा बसवल्या होत्या. आमच्या भाषेत पॅच मारला होता. मूळची नक्कल करण्याऐवजी २०१० मध्ये किकी स्मिथ आणि डेबोरा गॅन्स यांची नवी खिडकी लावली. निळ्या आकाशात सोनेरी चांदण्या. आणि भिंतीचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय, रंग उडालेला, आतल्या पट्ट्या दिसणारा. सगळं इतकं चकाचक आहे की तो नसता तर मधली वर्षं कुणाच्या ध्यानातही आली नसती.

त्या तुकड्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. सांगलीचं आमचं घर आजोबांनी बांधलं. आता आई-बाबा खालच्या दोन खोल्यांत राहतात. वरचा मजला मी इकडे आल्यापासून बंद आहे. पावसात गळतो हे माहीत आहे. दर वर्षी फोनवर विषय निघतो, मी म्हणतो, "आलो की बघू." असं तीन वर्षं चाललंय. आमच्या घरालाही कुणी लुटलेलं नाही. मी चांगल्या नोकरीसाठी गेलो, एवढंच.

घरी पोचल्यावर फोन लावला. म्हटलं, "बाबा, वरच्या छताचे फोटो काढून पाठवता का? या वर्षी करूनच टाकू."

बाबा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आधी त्या कुलपाची किल्ली शोधायला पाहिजे रे."